कॅमेरा घेण्यापूर्वी उजेडाचा हिशेब

गावातल्या शाळेत फोटो काढण्याचे प्रसंग वर्षाकाठी दहा-वीस तरी येतात. स्नेहसंमेलन असते, सहल असते, पालखी असते, कधी कुणी पाहुणे येतात. शिवाय हल्ली पुष्कळ शिक्षक मुलांकडून गावची माहिती गोळा करवून घेतात. जुन्या घराच्या माजघरात नव्वदीच्या आजीबाई जात्यावरच्या ओव्या सांगत बसलेल्या असतात आणि मुले त्या भराभर उतरवून घेत असतात. अशा आजीबाईंचा फोटो ‘राहू द्या, पुढच्या वर्षी काढू’ असे म्हणून भागत नाही. म्हणून पालकांनी वर्गणी काढावी, माजी विद्यार्थ्यांनी त्यात भर घालावी आणि पुण्याला जाऊन शाळेसाठी एक चांगला, हाताळायला सोपा डिजिटल कॅमेरा आणावा असे ठरले, तर ती निवड जपून करायला हवी. लोकांचा पैसा एकदाच मिळतो.

दुकानात गेल्यावर काय होते ते पाहा. विक्रेता पहिला आकडा सांगतो मेगापिक्सेलचा आणि दुसरा झूमचा. ‘वीस मेगापिक्सेल आहे, सर! ऐंशीपट झूम आहे!’ आकडे मोठे, म्हणजे वस्तू मोठी, असे आपल्या मनाला वाटते. पण चित्र कसे येईल हे ज्या दोन आकड्यांवर ठरते, ते तो बहुधा सांगत नाही. एक म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटातल्या सेन्सरचे माप. दुसरा म्हणजे भिंगाच्या तोंडाचे माप. आज आपण त्या दोघांविषयीच बोलू.

पूर्वी कॅमेऱ्यात जिथे फिल्म असे, तिथे आता सिलिकॉनचा एक चौकोनी तुकडा असतो. त्यालाच सेन्सर म्हणतात. त्याच्यावर लाखो बारीक घरे असतात. घरात उजेड पडला की त्याची वीज होते, विजेचे मोजमाप होते आणि त्या मोजमापांवरून चित्र उभे राहते. आता हा उजेड अखंड धारेसारखा पडत नाही. तो पावसाच्या थेंबांसारखा कणाकणांनी पडतो, आणि सगळी गोम इथेच आहे.

अंगणात सारख्या शंभर वाट्या मांडून ठेवा. मुसळधार पाऊस पडला तर सगळ्या वाट्यांत जवळजवळ सारखेच पाणी दिसेल. पण चार शिंतोडेच पडले तर एका वाटीत पाच थेंब, शेजारच्या वाटीत दोन आणि तिसरीत नऊ असा प्रकार होईल. गणिताच्या शिक्षकांना हा नियम ठाऊक असेल. सरासरी १०० थेंब पडत असतील तर वाटीवाटीत साधारण १० थेंबांचा फरक राहतो, म्हणजे शेकडा १०. सरासरी १०,००० थेंब पडत असतील तर फरक साधारण १०० चा, म्हणजे शेकडा फक्त १. अंधारात काढलेल्या फोटोत आजींच्या चेहऱ्यावर खसखस भुरभुरल्यासारखी जी ठिपकेदार रवाळी दिसते ना, ती मुख्यतः हीच. तिथे कॅमेरा बिघडलेला नसतो, थेंब कमी पडलेले असतात. मग पाणी जास्त हवे तर काय करायचे? वाटीच्या जागी परात ठेवायची.

आता परातींची मापे सांगतो. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांत आणि लांब झूमच्या बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर सुमारे ६.२ मिलिमीटर रुंद आणि ४.६ मिलिमीटर उंच असतो. म्हणजे क्षेत्रफळ २८ चौरस मिलिमीटर, तुरीच्या डाळीएवढे म्हणा. त्यावरचा प्रकार ‘एक इंची’ म्हणून ओळखला जातो. तो १३.२ बाय ८.८, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटर, करंगळीच्या नखाएवढा. त्याच्यावर एपीएस-सी नावाचा, २३.५ बाय १५.६ चा, क्षेत्रफळ ३६७. आणि जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा तो ३६ बाय २४ चा, क्षेत्रफळ ८६४. डाळीपासून करंगळीच्या नखापर्यंत आलो तेवढ्यातच क्षेत्रफळ चौपट झाले, हे ध्यानात घ्या.

‘एक इंची’ सेन्सर पट्टीने मोजायला जाल तर कुठल्याच बाजूने इंच भरणार नाही. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतही तो जेमतेम १६ मिलिमीटर भरतो. हे नाव १९५० च्या दशकातल्या टेलिव्हिजनच्या कॅमेऱ्यांपासून चालत आले आहे. त्या कॅमेऱ्यांत काचेची नळी असे. नळीचा बाहेरचा व्यास इंचभर असला तरी आतली चित्राची जागा सोळा मिलिमीटरच्या आसपासच असे. नळ्या गेल्या, नाव मात्र राहिले. नारळाचे माप सोडणासकट सांगावे, तसा हा प्रकार! छोट्या सेन्सरवर ‘१/२.३ इंच’ असे लिहिलेले असते, तेही याच मापाने.

मेगापिक्सेलचे प्रकरण एका वाक्यात आटोपते. एकाच शेताचे दहा वाफे पाडा की वीस पाडा, शेतावर पडणारा पाऊस वाढत नाही. वाफ्यागणिक पाणी तेवढे कमी होते. शाळेच्या वार्षिक अंकात किंवा भिंतीवरच्या तक्त्यावर छापायला बारा-सोळा मेगापिक्सेल भरपूर झाले. त्यापुढच्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत, असे माझे मत आहे.

मग सगळेच कॅमेरे मोठ्या सेन्सरचे का करीत नाहीत? अडचण भिंगाची आहे. ती समजायला वर्गात एक प्रयोग करून पाहा. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ एक बहिर्गोल भिंग धरा आणि हळूहळू मागेपुढे करा. एका ठराविक अंतरावर भिंतीवर खिडकीबाहेरचे झाड उलटे आणि स्पष्ट उमटेल. त्या अंतराला आपण भिंगाचे नाभीय अंतर म्हणतो. जाड, फुगीर भिंग भिंतीच्या जवळ धरावे लागते आणि त्याचे चित्र चिमुकले येते. पातळ भिंग दूर धरावे लागते आणि त्याचे चित्र मोठे येते. म्हणजे मोठ्या सेन्सरवर तेच झाड पूर्ण पसरायचे असेल तर नाभीय अंतर जास्त हवे, आणि कॅमेरा तेवढा लांब, जाड आणि जड होणार.

किती जड होणार, याचा हिशेब भिगवणवर करू. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात उजनीच्या जलाशयाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. त्यांनाच फ्लेमिंगो म्हणतात. कुंभारगावची नावाडी मंडळी पाहुण्यांना नावेतून ते दाखवायला नेतात. समजा, सव्वा मीटर उंचीचा एक रोहित तुमच्या नावेपासून ५० मीटरवर उभा आहे. अंतर उंचीच्या चाळीसपट, म्हणून सेन्सरवर त्याचे चित्र नाभीय अंतराच्या एक चाळिसांश उमटणार. फोटोच्या निम्म्या उंचीएवढा पक्षी दिसावा एवढीच तुमची इच्छा आहे. तर डाळीएवढ्या सेन्सरला नाभीय अंतर ९२ मिलिमीटर पुरते. एक इंचीला १७६ लागते. ३६ बाय २४ च्या सेन्सरला ४८० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा मीटर लागते! भिंगाचे तोंड नाभीय अंतराच्या चौथा हिस्सा ठेवले तर पहिल्याला २३ मिलिमीटरची काच, दुसऱ्याला ४४ ची आणि तिसऱ्याला १२० मिलिमीटरची, म्हणजे पावणेपाच इंचांची. ती गळ्यात घालून सहलीला कोण जाणार? लांब झूमच्या आटोपशीर कॅमेऱ्यात सेन्सर छोटा का असतो, हे आता कळले असेल. त्यात फसवणूक काही नाही, भूमितीच तशी आहे.

तोंडाच्या मापाविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. भिंगाच्या कड्यावर ‘१:२.८’ किंवा ‘१:१.८–४.९’ असे काहीतरी कोरलेले असते. त्याला एफ-अंक म्हणतात. नाभीय अंतराला एफ-अंकाने भागले की उजेड आत येण्याच्या छिद्राचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. भागाकार तिसरी-चौथीचा आहे, पण दुकानात याच्याइतका उपयोगी दुसरा हिशेब नाही. दूरच्या वस्तूचा किती उजेड कॅमेऱ्यात शिरला, हे शेवटी या छिद्रावरच ठरते. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेने पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर गिरवलीच्या डोंगरावर दुर्बीण उभारली, ती २००६ साली सुरू झाली. ती दुर्बीण किती पट मोठे दाखवते असे तिथले शास्त्रज्ञ आपणहून सांगत नाहीत. आरसा दोन मीटर व्यासाचा आहे, असे सांगतात. मंद ताऱ्याचा उजेड गोळा करायचा तर तेच माप मोलाचे.

आता दोन खरे कॅमेरे समोरासमोर ठेवू. २०१२ साली सोनी कंपनीने आरएक्स १०० नावाचा कॅमेरा काढला. एक इंची सेन्सर, वजन २४० ग्रॅम, सदऱ्याच्या खिशात मावणारा. भिंग १०.४ ते ३७.१ मिलिमीटर, एफ-अंक १.८ ते ४.९. २०१५ साली निकॉनचा पी ९०० आला. सेन्सर डाळीएवढा, वजन नऊशे ग्रॅम, भिंग ४.३ ते ३५७ मिलिमीटर, एफ-अंक २.८ ते ६.५. झूम ८३ पट. आजची नवी मॉडेले याच दोन घराण्यांतली आहेत, म्हणून हिशेब जुना होत नाही.

प्रथम माजघरात जाऊ. आजीबाई जवळ आहेत, झूम नको आहे. आरएक्स १०० चे छिद्र १०.४ भागिले १.८, म्हणजे ५.८ मिलिमीटर. पी ९०० चे ४.३ भागिले २.८, म्हणजे दीड मिलिमीटर. छिद्राचे क्षेत्रफळ धरले आणि दोघांच्या चौकटीत मावणाऱ्या दृश्याचा थोडा फरक वजा केला, तरी पहिल्यात दुसऱ्याच्या दसपट उजेड येतो. दुसऱ्या कॅमेऱ्याने सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात जेवढा उजेड टिपावा, तेवढा पहिला शंभराव्या हिश्श्यात टिपतो. आणि आजी काही दगडासारख्या बसत नाहीत. त्या बोलतात, हात हलवतात. हाताची थरथर आवरण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, पण समोरच्या माणसाला ती थांबवू शकत नाही. संमेलनात लेझीम खेळणाऱ्या मुलांचे तर बोलायलाच नको.

आता हीच जोडी भिगवणला नेऊ. पूर्ण झूमवर आरएक्स १०० चे छिद्र ३७.१ भागिले ४.९, म्हणजे ७.६ मिलिमीटर. पी ९०० चे ३५७ भागिले ६.५, म्हणजे ५५ मिलिमीटर! रोहितावरून येणारा उजेड दुसऱ्या कॅमेऱ्यात पन्नासपटीने जास्त शिरतो. पहिल्याचा मोठा सेन्सर इथे काय कामाचा? त्याच्या बहुतेक भागावर पाणी आणि आकाशच उमटणार आणि पक्षी कोपऱ्यात तिळाएवढा. म्हणून ‘मोठा सेन्सर नेहमी चांगला’ हे जे सर्रास सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. सेन्सर आणि भिंग ही बैलजोडी आहे. एक बैल थोराड आणि दुसरा खुजा असला तर नांगर सरळ चालत नाही.

याचा आणखी एक दाखला देतो. २०१९ सालच्या रिको जीआर ३ या खिशातल्या कॅमेऱ्यात एपीएस-सी सेन्सर आहे, म्हणजे एक इंचीच्या तिपटीहून मोठा. भिंगाला झूम नाही, नाभीय अंतर १८.३ मिलिमीटर, एफ-अंक २.८. छिद्र निघते ६.५ मिलिमीटर. आरएक्स १०० चे ५.८ होते. सेन्सर तिपटीने मोठा, पण अंधारात उजेड मिळाला फक्त सव्वापट. मोठ्या सेन्सरचा फायदा उन्हात मात्र दिसतो. एकाच चित्रात झाडाची सावली आणि चकाकणारे आकाश दोन्ही असली, तरी दोन्हींतले बारकावे तो सांभाळतो. पण शाळेच्या कामाला झूमच नसलेला कॅमेरा मी सुचवणार नाही.

दोन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत का? मिळतात, पण त्यांची किंमत मोजावी लागते. सोनीच्याच २०१७ सालच्या आरएक्स १० मार्क ४ मध्ये एक इंची सेन्सर आणि ८.८ ते २२० मिलिमीटरचे भिंग आहे. शेवटी एफ-अंक ४. भागाकार करा, छिद्र ५५ मिलिमीटर! अगदी पी ९०० एवढेच. कॅमेरा उत्तम, पण वजन किलोच्या वर आणि पैसेही तसेच. तो खिशात जात नाही आणि शाळेच्या वर्गणीतही सहसा बसत नाही.

झूमच्या आकड्याला भुलणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. २०१८ साली निकॉनने पी १००० काढला. झूम १२५ पट, नाभीय अंतर थेट ५३९ मिलिमीटरपर्यंत. पण शेवटी एफ-अंक ८ होतो. उजेड अरुंद वाटेने गेला की किंचित पसरतो, हा निसर्गाचा नियम आहे. एफ-अंक ८ असला की अगदी निर्दोष भिंगही एका बिंदूचा सुमारे ०.०१ मिलिमीटर व्यासाचा ठिपका करते. त्या कॅमेऱ्याचे एक घर ०.००१३ मिलिमीटर रुंद. म्हणजे एका बिंदूचा ठिपका सात-आठ घरे रुंद झाला. चंद्र मोठा दिसेल, मुलांना मौजही वाटेल, पण सोळा मेगापिक्सेल तिथे नावालाच उरतात. ‘डिजिटल झूम’ तर झूमच नव्हे. तो कात्रीने फोटोची कड कापून उरलेला तुकडा ताणण्याचा प्रकार आहे.

छोट्या सेन्सरची एक बाजू मात्र सांगितलीच पाहिजे. त्याच्या चित्रात जवळचे आणि दूरचे दोन्ही स्पष्ट येते. पानावरची अळी, फुलाचे पुंकेसर, किड्याचे पाय असे जीवशास्त्राचे फोटो काढताना मोठ्या सेन्सरवर अळीचे डोके स्पष्ट आणि शेपटी धूसर असा घोटाळा होतो. छोट्यावर तो कमी. शाळेची जुनी रजिस्टरे किंवा गावातल्या कुणाच्या घरातले मोडी कागद यांच्या नकला घ्यायच्या असतील, तर कागद खिडकीजवळ टेबलावर ठेवा, कॅमेरा तिकाटण्यावर बसवा. कागद हलत नाही, म्हणून शटर हवे तेवढे उघडे ठेवता येते. या कामाला मोठ्या सेन्सरची काही गरज नाही.

तुम्ही म्हणाल, हातात फोन असताना एवढी उठाठेव कशाला? प्रश्न रास्त आहे. याच प्रश्नापायी डिजिटल कॅमेऱ्यांचा बाजार बसला: २०१० साली जगात बारा कोटींवर कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते, २०२३ साली ऐंशी लाखही नाहीत. आजच्या चांगल्या फोनचा सेन्सर डाळीपेक्षा मोठा असतो, शिवाय फोन एकापाठोपाठ अनेक चित्रे घेऊन ती एकमेकांत मिसळतो आणि रवाळी कमी करतो. शाळेत असा फोन असेल तर डाळीएवढ्या सेन्सरचा, थोड्याच झूमचा कॅमेरा मुळीच घेऊ नका. त्यात तुम्हाला नवीन काही मिळत नाही. घ्यायचा तर फोनला न जमणाऱ्या कामासाठी घ्या. एक काम दूरच्या पक्ष्याचे. दुसरे, कमी उजेडातल्या हलत्या माणसाचे, आणि तेही चार पावले मागे उभे राहून. मिसळलेल्या चित्रांत हलती माणसे पुष्कळदा पुसट होतात.

तेव्हा कुठला घ्यावा? सरसकट उत्तर नाही, पण मला विचाराल तर बहुतेक शाळांना एक इंची सेन्सरचा, तीन-चार पट झूमचा कॅमेरा सोयीचा पडेल. पालखीचाच विचार करा. जून-जुलैच्या ढगाळ हवेत तुकोबांची आणि ज्ञानोबांची पालखी पुण्यात येते. तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात उतरते, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात. संध्याकाळचा अपुरा उजेड, सारखी हलणारी माणसे, टाळ वाजवणारे हात. आणि पुढे माउलींची पालखी दिवेघाट चढते तेव्हा लांबच लांब रांग एका चौकटीत घ्यायला रुंद दृश्य हवे असते, झूम नव्हे. शाळेचे बाकीचे प्रसंगही असेच, जवळचे आणि अपुऱ्या उजेडाचे. पण तुमचे गाव उजनीच्या काठी असेल आणि मुलांची पक्षीनिरीक्षणाची वही भरत असेल, तर हेच उत्तर उलटे होते. तिथे सकाळचे ऊन भरपूर असते, पक्षी दूर असतात, आणि लांब झूमचा छोट्या सेन्सरचा कॅमेराच बरा.

दुकानात सेन्सरचे माप कुणी सांगितले नाही तरी तुम्ही ते काढू शकता. कॅमेऱ्याच्या खोक्यावर झूमचा आकडा ‘३५ मिलिमीटर फिल्मच्या समतुल्य’ म्हणून दिलेला असतो, उदाहरणार्थ २४ किंवा २८. भिंगाच्या कड्यावर खरे नाभीय अंतर असते. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर साडेपाचच्या आसपास आले तर सेन्सर डाळीएवढा. २.७ आले तर एक इंची. दीड आले तर एपीएस-सी. मग कड्यावरचे दोन्ही एफ-अंक पाहा आणि पूर्ण झूमवरचा दुसरा आकडा विसरू नका. आरएक्स १०० चा १.८ झूम करता करता ४.९ होतो, आणि तेवढ्याच वेळात सेन्सरवर पडणाऱ्या उजेडाची तीव्रता एक सप्तमांशाच्या आसपास येते. म्हणून झूमच्या कॅमेऱ्यानेही संमेलनात पहिल्या रांगेत जाऊन बसावे आणि झूम न करता फोटो काढावा.

पुण्याला जाताना स्वतःचे मेमरी कार्ड बरोबर न्या आणि दुकान दाखवील ते दोन-तीन कॅमेरे हातात घ्या. दुकानाबाहेरच्या उन्हात फोटो काढू नका. उन्हात सगळेच कॅमेरे गुणी असतात. आतल्या कपाटाच्या सर्वांत खालच्या, अंधाऱ्या फळीवरचे खोके टिपा. एकदा झूम न करता आणि एकदा पूर्ण झूम करून. बरोबर आलेल्या सहकाऱ्याला बोलत, हात हलवत उभे करा आणि त्यांचाही एक फोटो दिव्याकडे पाठ करून काढा. कार्ड घरी आणून संगणकावर चित्रे पूर्ण आकारात उघडा आणि खोक्यावरची बारीक अक्षरे कुठल्या चित्रात वाचता येतात ते मुलांना वाचायला सांगा. पैसे दुसऱ्या खेपेला द्या.